माणिकप्पांचा सातवा नियम

नळदुर्गला हमरस्त्यालगत माणिकप्पांचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. माणूस तिरसट, पण हाताला मोठं यश. दर जूनमध्ये फ्रान्समधली चोवीस तासांची मोटारशर्यत ते मोबाइलवर बघतात आणि माझ्यासारख्या रिटायर मास्तराला धरून बसवतात.

“वरच्या गटाचे नियम कोण ठरवतं, सर? गाड्या बनवणाऱ्या कंपन्याच! वजन किती, इंजिन केवढं, समदं त्यांच्या सोयीनं. न्हाय पटलं तर येत न्हाय म्हणून दम देत्यात, अन् भरवणारे लगेच वाकत्यात. म्या असतो तर म्हणलो असतो, नका येऊ!”

यंदा एप्रिलमध्ये गावानं दिवसभराच्या नांगरटीची स्पर्धा ठेवली. नियम माणिकप्पांनी सांगायचे, मी लिहायचे. मोठ्या ट्रॅक्टरांच्या गटात रुद्रम्मा उतरणार होती. नवरा गेल्यावर तिनं याच गॅरेजात शिकून भंगारातला ट्रॅक्टर उभा केला होता. बाईला काय जमतंय म्हणणाऱ्यांना तिला एकदा दाखवून द्यायचं होतं.

सहा नियम झाले आणि एका ट्रॅक्टर कंपनीचा माणूस आला. गोड हसून म्हणाला, “पाच वर्षांहून जुना ट्रॅक्टर मोठ्या गटात नको. भंगारातला पुढं गेला तर आमच्या नव्याचं हसं होईल. मग आमचे सहा ट्रॅक्टर येणार नाहीत.”

ते सहा नाही आले तर मोठ्या गटात उरणार दोन. माणिकप्पा बराच वेळ पान्याशी चाळा करत बसले. “लिवा, सर.”

मी लिहिलं. ‘नका येऊ’ची आठवण करून द्यायला माझी जीभ रेटली नाही.

स्पर्धेच्या सकाळी रुद्रम्मा ट्रॅक्टर धुऊन, बॉनेटवर विभूतीचे पट्टे ओढून आली. सातवा नियम मी वाचला. तिनं चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“अप्पा, नियम तुमीच केलाय न्हवं?”

माणिकप्पांनी मान हलवली.

“मग इचार करूनच केला असंल.” तिनं ट्रॅक्टर वळवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती अजून गॅरेजात येते, अप्पा म्हणूनच हाक मारते. ते खाली बघूनच पाना पुढं करतात.

जूनमध्ये शर्यतीच्या दिवशी मी गेलो, तर मोबाइल खिशातच.

“अप्पा, बघत नाही?”

“बघून शिव्या कुणाला घालू, सर?”