शेवटच्या पानांना लावलेले चिमटे

मी पुस्तक शेवटच्या पानापासून वाचते. त्याची लाज वाटायची ती कधीच संपली. कोण जगलं, कोण मेलं, कुणाचं कुणाशी जमलं हे एकदा कळलं की मग निवांत पहिल्या पानावर यायचं. नवरा म्हणतो, जित्याची खोड. असू दे. मला टांगणीला लागलेला जीव सोसत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात मुलीने तिची कादंबरी माझ्या हातात दिली, तेव्हा शेवटच्या वीसेक पानांना तिने कपड्यांचे दोन चिमटे लावले होते. एक लाल, एक हिरवा. "मी सांगेन तेव्हाच काढायचे," ती म्हणाली. "आणि आई, प्लीज, चीटिंग नाही." वय वर्षं चौदा, आणि तोरा हेडबाईंचा!

तीच कादंबरी ती तिसऱ्यांदा वाचत होती. जेवताना, शाळेच्या बसची वाट बघताना, दात घासतानासुद्धा. एवढं आहे तरी काय त्यात, म्हणून मीच तिच्या मागे लागले होते.

घरात तेव्हा एकच विषय होता, पुणे. सोळा वर्षं इथे कानडी मुलखात, सर्जापूर रोडवर काढल्यावर आम्ही परत जायचं ठरवलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं आणि नवऱ्याने ऑफिसातून बदली मिळवली होती. मला माझी बहीण हाकेच्या अंतरावर हवी होती. आणि हसू नका, मला भाजीवाल्याशी पोटभर भांडायचं होतं. इथे माझी मजल "स्वल्प कम्मी माडी", म्हणजे थोडं कमी करा, याच्या पुढे कधी गेली नाही. एवढ्याशा कन्नडात काय डोंबल भांडणार? तो हसतो, दोन मिरच्या जास्त टाकतो, झालं. मुलीच्या पुण्यातल्या शाळेचा फॉर्म भरून, सह्या करून मी फ्रिजवर लावून ठेवला होता. ती त्यावर काहीच बोलली नव्हती. मुलं काय, रुळतात, असं मी बहिणीला फोनवर सांगून टाकलं होतं.

कादंबरी इंग्रजी, तिच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेली. लांबच्या एका ग्रहावर काचेच्या घुमटाखाली गाव वसलेलं असतं. तिथेच जन्मलेली एक मुलगी. आईबाप पृथ्वीवरून कामाला आलेले, त्यांची मुदत संपलेली, आता यान येणार आणि सगळ्यांना घेऊन जाणार. तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मला नाही कळलं.

मला भलतेच प्रश्न पडत होते. घुमटाखाली वारा नाही, मग कपडे वाळतात कसे? फोडणीचा ठसका जातो कुठे? त्यांच्याकडे पाणी म्हणजे बर्फाची गाडी यायची, आणि गाडी चुकली की अख्खं गाव दारात येऊन एकमेकांवर खेकसायचं. ते वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. आमच्या अपार्टमेंटमध्ये टँकर आला नाही की हेच चालतं.

मुलगी शाळेतून आली की बूट काढायच्या आत विचारायची, "कुठपर्यंत आलीस?" मग माझे प्रश्न आणि तिची उत्तरं. कपड्यांचं मात्र तिलाही माहीत नव्हतं. ते शोधायला आम्ही दोघींनी मिळून एक अख्खं प्रकरण पुन्हा वाचलं. कितीतरी महिन्यांनी आम्ही अशा गप्पा मारत होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.

एका संध्याकाळी बनशंकरीहून, तिच्या मैत्रिणीकडून, ऑटोने येताना तिने विचारलं, "तुला काय वाटतं, ती जाईल पृथ्वीवर?"

"जाणारच. आईबाप तिकडे आणि ही एकटी इकडे काय करणार?"

"तिची हाडं हलकी आहेत. तिकडे वर्षभर तिला नीट उभंसुद्धा राहता येणार नाही."

"होईल गं सवय. मुलं रुळतात. आणि शेवटी आपल्या घरी परत जायचं म्हणजे..."

"परत?" ती म्हणाली. "ती कधी होती तिथे?"

मी काही बोलायच्या आत ती पुढे वाकली. "अण्णा, इल्ले लेफ्ट," म्हणाली आणि ड्रायव्हरशी कन्नडात बोलत बसली. दोघं कशाला तरी खूप हसले. मला एक अक्षर कळलं नाही. मघाचं ते पुस्तकाबद्दलच होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

या बुधवारी तिने चिमटे काढायची परवानगी दिली. नवरा पुण्याला फ्लॅट बघायला गेलेला, घरात आम्ही दोघीच. कुकर लावला होता, ती ओट्याशी बसून पोळी खात होती, आणि मी ती वीस पानं उभ्यानेच वाचली. यान येतं. सामान चढतं. पायरीवर पाय ठेवता ठेवता आई थांबते, वळते आणि मुलीला विचारते, "तुला यायचंय का?" आणि संपलं! मी पान उलटलं. कोरं.

"हा काय शेवट?" मी ओरडलेच. "ती गेली की राहिली? माणसाने एवढी तीनशे पानं वाचायची आणि..."

"शेवट आहे की," ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली. "विचारलं ना तिला."

मी गॅस बंद केला. किती शिट्ट्या झाल्या होत्या कोण जाणे. फ्रिजवर फॉर्म होता, खाली आमच्या दोघांच्या सह्या. मला रडू आलं. रागही आला, स्वतःचा आणि थोडा तिचाही. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं कार्टीला? मग वाटलं, सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते? रुळशील, म्हणाले असते.

"तुला जायचंय का पुण्याला?" मी विचारलं.

तिने पोळी खाली ठेवली. "आत्ता विचारतेयस?"

"हो. उशीर झालाय, माहितेय. पण विचारतेय."

"आणि नाही म्हणाले तर?"

बहिणीचं घर डोळ्यांसमोर आलं. तिच्या गच्चीत आम्ही दोघी चहा पितोय, हे मी मनात किती वेळा रंगवलं होतं! "तर नाही," मी म्हणाले. अगदी जिवावर आलं.

तिने फॉर्म काढला आणि खोलीत गेली. दहा मिनिटांनी आली तेव्हा फॉर्मच्या चार घड्या घातल्या होत्या आणि त्याला तेच दोन चिमटे लावले होते, लाल आणि हिरवा. "मागच्या बाजूला लिहिलंय," ती म्हणाली. "बाबा रविवारी आला की उघडायचं. तिघांनी मिळून." आणि फॉर्म होता तिथे चुंबकाखाली परत लावला.

आज शुक्रवार. ती शाळेत गेलीय. दूध काढायला जावं तर फॉर्म समोर, कोथिंबीर काढायला जावं तर फॉर्म समोर. उजेडात धरला तर एक शब्द लिहिलाय की दोन, एवढं तरी नक्की कळेल. सकाळपासून तीनदा चिमट्याला हात लावलाय आणि तिन्ही वेळा मागे घेतलाय.

मघाशी बहिणीचा फोन आला होता. "मग, सामान कधी हलवताय?"

"रविवारी सांगते."

"रविवारी काय? ठरलंय ना सगळं?"

"नाही गं," मी म्हणाले. "आत्ता कुठे विचारलंय."