देवीचा घट आणि माझा शोध

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. आणि आमच्या घरात देवीचा घट उगवला नाही, तोही पहिल्यांदा माझ्याच वेळी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला मला सगळं नवरात्र लागलं.

सांगलीच्या कॉलेजात सरांनी आम्हाला एक प्रयोग दिला होता : खाऱ्या मातीत बी कसं उगवतं, ते सुट्टीत पाहून या. माती शोधायला लांब जायला नको होतं. उसाला पाणी पाजून पाजून आमचा ओढ्याकडचा तुकडा मिठानं पांढरा पडला होता. तिथली पाटीभर माती मी आणली, वाळवली, आईच्या पिठाच्या चाळणीनं चाळली (ती चाळणी आईनं तीनदा धुतली आणि तरीही शेजारणीला देऊन टाकली) आणि पोत्यात भरून सोप्यात ठेवली. माती कुठली, हे सांगायचं मात्र राहून गेलं. बजावलं तेवढं जोरात, "या मातीला कुणी हात लावायचा नाही. शास्त्राचं काम आहे!"

"मातीला आमी कशाला हात लावतोय?" आबा म्हणाले. "आमी काय शेतकरी हाय व्हय!"

दुसऱ्या दिवशी घट बसले. पत्रावळीवर माती, तिच्यात धान्य, मधोमध पाण्यानं भरलेला घट. नऊ दिवसांत कोंब दाट आले की घराला बरकत. त्या वर्षी तर सगळ्या घराचा जीव त्या कोंबांत अडकला होता, कारण धाकट्या बहिणीचं, शालनचं, लग्न जमत आलं होतं. मुलगा पलटणीत होता. त्याचे वडील, म्हसवडकडचे तात्या, दसऱ्याला येऊन सुपारी फोडणार होते. आणि आले की आधी देव्हाऱ्यात डोकावणार होते!

मी सोप्यात सहा बोळकी मांडली. तीन बोळक्यांत पोत्यातली खारी माती, उरलेल्या तिनांत नदीकाठच्या मळीची चांगली माती. (पोत्यातली माती जरा काळी दिसली. हवेतल्या दमटपणामुळे असेल, अशी मी वहीत नोंदही केली.) सगळ्यांत जोंधळा टोकला.

चौथ्या दिवशी माझी सहाच्या सहा बोळकी हिरवीगार! घटात मात्र एक कोंब नाही.

"दादा," शालन म्हणाली, "तुजं शास्त्राचं उगावलं आन देवीचं न्हाई?"

"बी जुनं असेल."

"एकाच मडक्यातलं हाय की रं!"

"मग पाणी जास्त झालं असेल."

आईनं पाणी कमी केलं. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, पाणी कमी पडलं असेल. आईनं वाढवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या मते ऊन कमी पडत होतं, म्हणून आबांनी अंगणात उभं राहून दाढीच्या आरशानं देव्हाऱ्यात ऊन पाडलं. तासभर! कवडसा घटावर कमी आणि शालनच्या डोळ्यांवर जास्त पडला.

आई उपवासाचंही खाईना. "माजंच कायतरी चुकलंय," एवढंच म्हणायची. काय चुकलंय, हे मी विचारायला हवं होतं. पण मी सरांना पत्र लिहीत होतो : 'खारटपणाचा जोंधळ्याच्या उगवणीवर काहीही परिणाम होत नाही, असे मला आढळून आले आहे.' आठव्या दिवशी ते टपालात टाकूनही आलो.

दसऱ्याला तात्या आले. आमचा घट नुकताच उठवला होता. पत्रावळीत तीन कोंब होते; पिवळे, वाकडे, शेंडे करपलेले. आई दाराआड पदर तोंडात धरून उभी. तात्या उकिडवे बसले, चिमूटभर माती उचलली आणि थेट जिभेवर ठेवली!

"आवं, ही तर खारी हाय!" बाहेर जाऊन थुंकून ते म्हणाले. "आमच्या हिरीचं पानी मचूळ, म्हनून जीभ शिकलीया. मीठ पानी धरून ठिवतंय. बी पान्यात बसून तान्हेलं मरतंय. कुनी आनली ही?"

आई बाहेर आली. "म्या घेतली. पोरानं चाळून ठिवल्याली, पिठावानी मऊ हुती. देवीला चांगली म्हनून घेतली. त्याला कळू नगं म्हनून पोत्यात मळीची भरली. त्याला न इचारता घेतली, म्हनून देवी कोपली." आणि ती रडायलाच लागली.

मी माझ्या सहा बोळक्यांकडे पाहिलं. सहांतही मळीचीच माती होती!

"आवं इनबाई, देवी कशाला कोपंल?" तात्या म्हणाले. "एवढ्या मिठात तीन कोंब वर आलं, ह्येच लय! आसल्या घरची पोरगी कुटंबी तग धरंल."

सुपारी फुटायच्या आधीच त्यांनी आईला इनबाई, म्हणजे विहीणबाई, म्हटलं होतं. आई रडायची थांबली आणि लगेच पुन्हा रडायला लागली.

घटाचे तुरे टोपीत खोवायचे, तर घटात तुरेच नव्हते. तात्यांनी माझ्या बोळक्यांतले उपटले, आबांच्या टोपीत खोवले आणि मला विचारलं, "शास्त्राचं तुरं हायती, चालत्याल न्हवं?"

आबा म्हणाले, "हात लावू नगा म्हनतोय त्यो!"

सगळे हसले. शालन तेवढी हळूच म्हणाली, "दादा, त्या पत्राचं काय रं?"

मी दुसरं पत्र लिहिलं. चाळणीपासून इनबाईपर्यंत सगळं खरं खरं सांगितलं. आठवड्यानं सरांचं कार्ड आलं. त्यावर दोनच ओळी होत्या : 'पुढच्या प्रात्यक्षिकाला तुमच्या बहिणीच्या सासऱ्यांना पाठवावे. तुम्ही आला नाहीत तरी चालेल.'