बंद घरांचा रकाना

कुणाच्याही घरात शिरला की हा माणूस आधी पाण्याला भेटायचा, मग माणसांना. चपला उंबऱ्याबाहेर, विजेरी हातात, आणि थेट मोरीतल्या पिंपापुढे उकिडवा. विजेरीचा झोत तिरका पाण्यात टाकून विचारायचा, "घरात पावणं किती?"

घरची बाई बिचारी म्हणायची, "कोण न्हाई ओ. आमीच चौघं."

"मग ही वळवळणारी कुणाची पोरं म्हनायची?"

बाई वाकून बघायची, तोंडाला पदर लावायची आणि मग हसावं की लाजावं हे तिला कळायचं नाही. अळ्या मात्र झोत पडला की खाली बुडी मारायच्या. "बघा," हा म्हणायचा, "पत्ता इचारला की कशी लपत्यात."

सरकारी भाषेत हा कीटक समाहारक. म्हणजे डास गोळा करणारा. डेंग्यू, चिकुनगुनिया असले विषाणू कुठल्या गावात येऊ घातलेत, हे ताप येण्याआधी डास सांगतो. म्हणून डास धरायचे, अळ्या मोजायच्या, बाटल्यांत भरून प्रयोगशाळेकडे पाठवायच्या. अर्धी नोकरी त्याने सांगलीकडे केली, अर्धी साताऱ्याकडे. जन्म माधवनगरचा, बाप गिरणीत. आम्ही खात्यातले त्याला काका म्हणायचो. गावोगावची माणसं म्हणायची, "डासवालं आलं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपल्या अंगणात येऊन काहीतरी मोजून जातात, भिंतीवर खडूने तारीख लिहितात, आणि आपण त्यांचं नावही विचारत नाही.

डास धरायची त्याची नळी काचेची. तिला मागे रबरी नळी, मध्ये जाळी. रबरी टोक तोंडात धरायचं, गोठ्याच्या भिंतीवर बसलेल्या डासापाशी काच न्यायची आणि अलगद श्वास ओढायचा. डास काचेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, बाबा डास पितोय. शिराळ्यात तर पोरांनी गलका केला होता. ते गाव नागांचं. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्यात अजून कुणी कुठला नाग कसा धरला होता हेच. एक आजोबा त्याला म्हणाले, "आमच्या गावात नाग धरायचे, गड्या. आन् तू डास धरतोस?"

काका नळी बाजूला करून म्हणाला, "आवं, तुमचा नाग वर्सातनं एकदा दिसतोय आन् चावतबी न्हाई. ह्यो रोज चावतोय. ह्याला कोण धरायचं?"

आजोबांनी स्वतः गोठ्याचं दार उघडून दिलं.

मी त्या खात्यात कंत्राटी म्हणून लागले तेव्हा माझ्या डोक्यात नुसती पत्रकं होती. आमचं घर चळवळीतलं, तिथे वर्तमानपत्राआधी पत्रक यायचं. पहिल्याच मोहिमेला मी एक झणझणीत पत्रक लिहिलं. 'डासांच्या राजवटीविरुद्ध उठा!' असा मथळा. काकाने ते जीपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी गंभीर चेहऱ्याने. मग घडी घालून खिशात ठेवत म्हणाला, "लय जोरकस हाय, बाई. वाचून मलाच उठावं वाटलं. फकस्त ह्यात पिंपाला फडकं बांधा असं कुठं लिवलंय, तेवढं दावा."

कुठेच लिहिलं नव्हतं.

एकदा साहेबांच्या खोलीत आढावा बैठक होती. साहेब डासांच्या पैदाशीवर बोलत होते. काकाचं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या, पाण्यात वेल ठेवलेल्या बाटलीकडे. बैठक संपल्यावर त्याने खिशातून ड्रॉपर काढला, बाटलीतल्या अळ्या वेचल्या आणि त्या दिवसाच्या तक्त्यात रीतसर नोंद केली: 'कुटुंबप्रमुख: साहेब. पाण्याची भांडी: एक. दूषित: एक.' साहेब चिडले. काका म्हणाला, "साहेब, फडकं बांधू का?"

असा हा माणूस. आता खरी गोष्ट सांगते.

माण तालुक्यात एक गाव होतं, जिथे तापाचे रुग्ण वाढत होते आणि अळ्या सापडत नव्हत्या. ताप साधा नव्हता. सांधे धरायचे, उठता बसता येईना. रक्ताचे नमुने चिकुनगुनियाचे निघाले. काकाने त्या गावात लागोपाठ तीन महिने सर्वेक्षण केलं होतं आणि तिन्ही वेळा तक्त्यात 'निरंक' लिहिलं होतं. निरंक म्हणजे काही नाही. घराघरांत एक हंडा, एक कळशी, दोन्ही घासून लख्ख. गाव इतकं स्वच्छ की काकाने जीपमध्ये त्याचं कौतुक केलं होतं.

चौथ्या वेळी मी बरोबर होते. गावातली निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. तक्त्यात त्यांच्यासाठी 'बंद घरे' असा रकाना असतो. आकडा लिहायचा आणि पुढे जायचं. आम्ही तसंच पुढे जात होतो. एका बंद घराच्या मागून जाताना काका थांबला. भिंतीला खिडकीखाली ओल होती. ओल, आणि तिच्यावर हिरवं शेवाळ. जिथे आठव्या दिवशी टँकर येतो त्या गावात, बंद घराच्या भिंतीला!

शेजारच्या ओट्यावर जिजी बसल्या होत्या, गावातल्या सगळ्यांत जुन्या. काका त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

"जिजी, ह्या घराला ताप आलाय व्हय?"

"आवं, घर बंद हाय. मानसं ममईला."

"मग भिंतीला घाम कशापायी फुटलाय?"

जिजी इकडेतिकडे बघू लागल्या. "आमाला काय ठावं?"

"चावी कुठं हाय?"

"चावी ममईला."

"आन् पाणीबी ममईवरनंच येतंय?"

मला हसू आवरेना. जिजींना राग आवरेना. "हासतीस काय, पोरी? मागं तुमच्यातलाच एक आला हुता. कालच भरल्यालं पिंप, किडं हायती म्हनून रस्त्यावर वतलं त्यानं. आठ दिस आमी काय प्यालो, इचारलं कुणी?"

कळलं सगळं. टँकरची नळी मागच्या खिडकीतून बंद घरात जात होती. पिंपं सगळी तिथे. आमच्यासाठी घरात ठेवला होता तो फक्त हंडा आणि कळशी. सर्वेक्षण करणारे पाणी ओततात म्हणून आख्ख्या गावाने पाणी लपवलं होतं.

इतक्यात आतून जिजींची सून आली. दोन्ही हातांची बोटं सुजलेली. "द्या ओ चावी, आत्याबाई," ती म्हणाली. "तीन आठवडं झालं, भाकरी थापता येत न्हाई मला. अजून किती लपवायचं?"

जिजींनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यात एक नाही, सात चाव्या होत्या.

पहिलं दार उघडलं. अंधारात चौदा पिंपं रांगेने उभी. काकाने झोत टाकला आणि या वेळी पाहुण्यांविषयी काही विचारलं नाही. पाणी नुसतं शिजल्यासारखं हलत होतं. पायांना पांढरे पट्टे असलेले डास आमच्या तोंडावर आले.

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. मी मात्र पेटले होते. "काका, हा सरळसरळ गुन्हा आहे. आठवड्यात एकदा टँकर द्यायचा, मग पाणी साठवलं म्हणून लोकांना दटावायचं! आपण जाब विचारला पाहिजे."

"इचारू की," तो म्हणाला. "आदी माझं मला इचारू दे." आणि मांडीवर तक्त्याचे मागचे तीन कागद पसरून बघत राहिला. 'बंद घरे' रकान्यात त्याच्याच सुबक अक्षरात तीनदा आकडा. शेजारी तीनदा निरंक.

साहेबांना फोन लावला. फोन मोठ्या आवाजात होता, मी ऐकलं. साहेब म्हणाले, "आज सापडलं असं लिहा. मागचं उकरू नका. दोन महिन्यांत निवृत्त होताय, शेवटी शेवटी चौकशी कशाला ओढवून घेता?"

"साहेब, मागचं उकरलं न्हाई तर बाकीची गावं कोण उघडनार?"

"कुठली बाकीची?"

"माझ्या हातची सगळी. समद्या गावांत बंद घरं हायती. मी कुटलंच उघडलं न्हाई."

साहेबांनी फोन ठेवून दिला.

तोवर गाव गोळा झालं होतं. पाणी ओतणार म्हणून बायका पिंपांपुढे उभ्या. काका म्हणाला, "एक थेंब सांडला तर मला त्याच पिंपात बुडवा. पर आदी जुनी लुगडी आणा." दुसऱ्या पिंपात चौपदरी लुगड्यातून पाणी गाळायचं, रिकाम्या पिंपाची आतली बाजू काथ्याने घासायची, कारण अंडी तिथेच चिकटलेली असतात, मग पाणी परत भरून तोंडाला फडकं बांधायचं. दिवसभर तेच चाललं. जिजी काठी घेऊन बसल्या आणि सांडणाऱ्याच्या नावाने शिव्या घालू लागल्या. सगळ्यांत जास्त काकाच्या नावाने, कारण पहिल्याच पिंपाला त्याच्याच हातून तांब्याभर सांडलं. "बुडवा रं ह्येला!" जिजी ओरडल्या, आणि त्या सकाळपासून पहिल्यांदा ती सून हसली.

संध्याकाळी त्याने तक्ता भरला, आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं की मागची तिन्ही सर्वेक्षणं चुकीची आहेत, ती रद्द धरावीत, आणि आपण केलेल्या सर्व गावांची बंद घरं पुन्हा तपासावीत. सही केली. मी म्हटलं, "काका, एकदा विचार करा." तो म्हणाला, "त्या पोरीची बोटं बघितलीस न्हवं?"

कारणे दाखवा नोटीस आठवड्यातच आली. 'तीन वेळा निरंक अहवाल का दिलात?' त्याच्या उत्तराची प्रत मी पाहिली आहे. लोक अशा वेळी चार पानं लिहितात, मनुष्यबळ, वाहन, वरिष्ठांच्या सूचना. त्याने एकच ओळ लिहिली होती: 'दार बंद होते, आणि मला पुढच्या गावाला जायची घाई होती.'

चौकशी लागली. त्याला फिरतीवरून काढून कार्यालयात बसवलं. शेवटच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं काही झालं नाही. चौकशी चालू असलेल्या माणसाचा सत्कार करता येत नाही म्हणे. मी संतापून भाषण ठोकायला उठले, तर त्याने हात धरून खाली बसवलं. "गप बस, बाई. नाहीतर तुझीबी नोटीस टाइप करावी लागंल, आन् टाइपिस्ट सुट्टीवर हाय." मग एकटाच माधवनगरला निघून गेला. चौकशीची फाईल अजून फिरते आहे.

बाकीची गावं मात्र उघडावी लागली. एवढं लेखी आल्यावर कुणाला नाही म्हणता येईना. कुठे घरं खरंच रिकामी निघाली, कुठे पिंपं निघाली. आता छापून येणाऱ्या तक्त्यात 'बंद घरे' याच्या शेजारी एक नवा रकाना आहे: 'चावी कोणाकडे'. तो कुणामुळे आला, हे तक्त्यावर लिहिलेलं नाही.

परवा मी दहिवडीच्या पलीकडे एका वस्तीवर तोच तक्ता घेऊन गेले होते. टोकाच्या घराला गंजकं कुलूप. शेजारी एक म्हातारबाबा शेळीला पाला घालत होते. मी विचारलं, "बाबा, ह्या घराची चावी कोणाकडं हाय?"

त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

"माझ्याकडंच अस्ती," ते म्हणाले. "आजवर कुणी मागितलीच न्हाई."