फटफटीवरच्या डॉक्टरचे पाय

माझा धाकटा भाऊ मार्तंड सोनईला डॉक्टर होता. डॉक्टर चांगला, मोटारसायकल चालवायचा मात्र भयंकर. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने नगरच्या कॅम्पात जुनं सामान लिलावात काढलं, त्यात त्याने ही फटफटी उचलली. चालवायला रस्ता कुठे होता? बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या आणि दोन्ही अंगांना बाभळी. लवकरच पुढचं चाक चाकोरीत अडकलं आणि साहेब नडगी सोलून घरी आले.

आईने जखम बांधली आणि निकाल दिला. "पुन्हा तुझ्या पायाला रक्त दिसलं, की ते धूड विकायचं."

"आई, मग लांबच्या मळ्यांवर जाऊ कसा? सायकल काट्यांत टिकत नाही गं."

"मग पाय सांभाळ."

आईचं बोलणं म्हणजे कोर्टाचा हुकूम, वर अपील नाही. मार्तंड मला घेऊन पुन्हा कॅम्पात गेला. मी बी.ए. झालेली, म्हणजे मला सगळं कळतं असा त्याचा समज. मला एवढं कळलं, की पुरुषांना लष्करी सामान दिसलं की ते अक्कल बाहेर ठेवतात. त्याने लोखंडी टोपी घेतली. ती शिपायाची, डोक्यावर भगुण्यासारखी हले. कातडी कोट घेतला, ऐन चैत्रात! धुळीचा चष्मा तेवढा शहाणपणाचा. आणि बूट! गुडघ्यापर्यंत, नाडीच नाडी.

"अरे, हे घालणार कधी आणि काढणार कधी?"

"काढायचे कशाला, ताई? पाय सांभाळायचेत ना?"

चारच दिवसांत लांबच्या एका मळ्यातून बोलावणं आलं. तिथल्या छगन नावाच्या शेतकऱ्याला हाताला विंचू चावला होता. मी मागे बसून गेले-आले, आणि पुन्हा कधी बसले नाही. आमचे बूटवाले डॉक्टर ऐटीत दाराशी पोचले, तर छगनची आई बनुबाई उंबऱ्यात आडवी उभी.

"डागदर, पायतान भायेर. आत चूल हाय, देव हाय."

मार्तंड ओट्यावर बसला. नाड्या सोडता सोडता घामाने निथळला. बूट मात्र फुगलेल्या पायाला धरून बसला. आत छगन बोंबलतोय, बाहेर डॉक्टर कण्हतोय.

"निघत नाही हो, मावशी."

"मंग पाय भायेर ठिवा आन् बाकीचे या आत!"

शेवटी छगनच ठणकता हात छातीशी धरून बाहेर आला. चांगल्या हाताने त्याने डॉक्टरचा बूट असा हिसडला, की दोघंही उताणे. इंजेक्शन ओट्यावरच झालं. बनुबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मी तर उघड हसले.

घरी येताना मार्तंड म्हणाला, "छगन उठून आला म्हणून निभावलं. उठता न येणारा असता तर?"

बूट घातले तर रोग्यापर्यंत पोचत नाही, न घातले तर फटफटी जाते. रात्री जेवताना त्याने आईला सगळं सांगितलं. आईने भाकरी वाढता वाढता विचारलं, "घरात कातडं चालत नाही. कापड चालतं ना?"

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या लुगड्यांचे थर घातले, मध्ये बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि गोधडीसारखं दाट शिवलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन पट्टे, मागे नाड्या. पायात गावठी जाड जोडा, झटकला की निघाला. ते लाल-हिरवं ध्यान पाहून मी म्हटलं, "मार्तंडा, पायांना झोप येतेय का रे?" पण त्या पायांना कुठलाच उंबरा आडवा येईना.

आषाढात तो परत पडला. चिखलाने माखून, लंगडत आला. फटफटी दाराशी टेकवली आणि आईसमोर चोरासारखा उभा राहिला. उजवा पट्टा टरकलेला, एक कामटी मोडून बाहेर आलेली. आईने तो सोडला. नडगी काळीनिळी, पण रक्त नाही. तिने पाय दोनदा फिरवून पाहिला, मग पट्टा दिव्याजवळ नेला.

"शिवण विरळ पडली माझी. उद्या दुहेरी दोरा घालते."

"म्हणजे फटफटी..."

"ती दारात कशाला भिजवतोस? पडवीत घे आधी."