दोन गोलची आघाडी आणि आमचा पाहुणचार

मंडळी, ओरडून ओरडून घसा बसलाय, म्हणून लिहितोय.

आज संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर आमच्या वाडीची फुटबॉल मॅच होती. हाफटाइमला आम्ही दोन-शून्यने पुढे. समोरच्यांचे चेहरे पडलेले.

तेवढ्यात आमचा कप्तान दीपक याने दोन्ही डिफेंडर बाहेर बसवले आणि मुंबईहून सुट्टीला आलेले दोन चाकरमानी उतरवले. मी ओरडलो, "अरे, काय करतोस काय?"

"दादा, मुंबईसून आलेत ते. त्यांना नुसतं उभं ठेवायचं? बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही. या तीन शब्दांनी आमची वाट लावली. एक पाहुणा दम लागून वाळूतच बसला. दुसरा बॉल सोडून हात वर करून ऑफसाइड मागत राहिला. आमच्या किनाऱ्यावर ऑफसाइड कधी नव्हताच. आम्ही तीन गोल खाल्ले. आमचा खरा डिफेंडर संदेश तेव्हा बाहेर उभा राहून पाहुण्यांच्याच मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढत होता.

मॅच हरल्यावरही पाहुणे खुशीत. "मजा आली. शिमग्याला परत खेळू."

मला वाटलं, आता तरी दीपक तोंड उघडेल. उघडलं. म्हणाला, "या ना, तुमची जागा ठेवतो."

तुमच्या वाडीत पाहुण्याला तोंडावर "तू बाहेर बस" म्हणणारा कोणी आहे का? असेल तर शिमग्याला पाठवा. येईल त्या दिवशी कप्तान करतो. राहायला, जेवायला माझ्याकडेच.