छपराला हळदकुंकू

सुलेखाला काहीही चालतं, असं तिच्या सासरी, माहेरी आणि सिंगापूरच्या मराठी मंडळात सगळेच म्हणत. चहा कमी गोड झाला तरी चालतो, सहल सकाळची ठरली काय किंवा दुपारची काय, ती तयार. मंडळाच्या गणपतीत ज्या कामाला कुणी हात वर करत नाही ते काम तिच्याकडे आपोआप जायचं. ज्या जहाज कंपनीत तिनं सगळी नोकरी केली, तिथले लोक मात्र हे ऐकून हसले असते. कंटेनरच्या कागदावर एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी सुलेखा तो कागद दोन बोटांत धरून परत पाठवायची. पण ही सुलेखा घरच्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ती संध्याकाळी सहाला ऑफिसातच राहायची.

घराच्या छपराचा विषय निघाला आणि ती घरी आली.

मरीन परेडच्या मागे एका शांत गल्लीत, कोपऱ्यावर, सुलेखा आणि निशिकांतचं जुनं बैठं घर आहे. समुद्र तिथून दिसत नाही. मध्ये हमरस्ता आहे, बाग आहे. वारा मात्र बिनधास्त येतो आणि दाराच्या कड्या, खिडक्यांच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, जे लोखंडाचं दिसेल ते खातो. छपरावरची कौलं आधीच्या मालकाच्या काळातली. पावसाची मोठी सर आली की बैठकीच्या खोलीत एक बादली आणि दोन पातेली ठेवायची, असा नेमच झाला होता. निशिकांत बँकेतून निवृत्त झाल्यापासून पातेली ठेवण्याचं खातं त्यानं स्वतःकडे घेतलं होतं आणि ते तो नेकीनं सांभाळत होता.

त्यांचा मुलगा अंकुर चांगी बिझनेस पार्कमधल्या एका आयटी कंपनीत होता. त्याला ही पातेली डोळ्यांसमोर नको झाली होती. घर विका आणि जवळच्या कॉन्डोत या, असा त्याचा धोशा चालला होता. तिथे लिफ्ट आहे, पहारेकरी आहे, छप्पर बघायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची. निशिकांत ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि "आईला विचार" म्हणायचा. सगळे धरून चालले होते की आईला चालेल.

आईला चालणार नव्हतं. लग्न होऊन आली ती बाराव्या मजल्यावर, तिथून नवव्यावर, मग सतराव्यावर. प्रत्येक घर निशिकांतच्या ऑफिसच्या सोयीनं ठरलेलं. जमिनीवरचं हे एकच. दार उघडलं की पाय मातीवर, फाटकाशी कढीपत्ता, कुंपणाला सोनटक्का, आणि जाणारं-येणारं कुणीही "सुलेखाताई, आहात का?" म्हणून आत डोकावणार. कॉन्डोत माणूस आधी पहारेकऱ्याला नाव सांगणार, मग लिफ्टमध्ये शिरणार. तोवर त्याचं काय सांगायचं होतं तेच तो विसरणार, असं तिला वाटे.

शेवटी जेवणाच्या टेबलावर तह झाला. अंकुरनं अट घातली, "छप्पर बदला, ठीक आहे. पण ही लास्ट टाइम हां, आई. नव्या छपरानं वर्षभरात काही त्रास दिला, की घर विकायचं. मग नो arguing."

निशिकांतनं मान हलवली. सुलेखा म्हणाली, "कबूल. पण छप्पर मी निवडणार."

ह्या वाक्यावर सून अनुयाच्या हातातला डाव वाटीतच थांबला.

पुढचे दोन महिने घरात नमुन्यांचं प्रदर्शन होतं. निशिकांतचं मत पत्र्याला होतं. रंगीत असतो, गळत नाही. सुलेखानं त्याला पत्र्याच्या घरात राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे बरोब्बर दुपारच्या पावसात नेलं. तिघांनी चहा घेतला आणि कुणालाच कुणाचं एक अक्षर ऐकू आलं नाही. घरी आल्यावर निशिकांतनं पत्र्याचं नाव घेतलं नाही. जड कौलांना जुने वासे पुरणार नव्हते. मग राहिलं सीडरचं लाकूड. इंग्रजीत देवदारालाही सीडरच म्हणतात, पण हे झाड कॅनडातलं. त्याच्या हातभर लांब चपट्या फळ्या एकीवर एक अशा बसवतात, माशाच्या खवल्यांसारख्या. वजनाला हलक्या, उन्हाला आड येणाऱ्या, आणि वास असा की नमुना ठेवलेल्या कपाटातल्या साड्यांनाही तो लागला. सुलेखानं नमुन्याच्या दोन फळ्या कपडे वाळत घालायच्या काठीला बांधून वाऱ्यापावसात टांगल्या. दोन्ही हळूहळू राखाडी झाल्या, वाकल्या नाहीत. राखाडी होणारच, ते खाऱ्या हवेतलं चांदीचं पाणी समजा, असं तिनं घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलं.

काम करणारे मिस्टर कोह हे हसरे, गोल गृहस्थ. सुलेखानं त्यांना इतके प्रश्न विचारले की ते निशिकांतला बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्या मिसेस इन्स्पेक्टर होत्या का? आगीपासून बचावाची प्रक्रिया केलेलाच माल हवा. फळ्यांखाली हवा खेळायला जागा हवी. आणि खिळे स्टेनलेस स्टीलचे, सगळेच्या सगळे. ह्या खिळ्यांवर ती फार अडून बसली होती, हे लक्षात ठेवायला हवं.

छप्पर पुरं झालं तेव्हा गल्लीतले लोक फाटकाशी थांबून बघायला लागले. तांबूस, मधाच्या रंगाचं छप्पर आणि खाली ते बुटकं पांढरं घर. सुलेखाचं माहेर दापोलीचं. तिच्या आईकडे रीत अशी की नवं कौल चढलं की पाच सवाष्णींनी त्याला हळदकुंकू लावायचं. इथे कौल नव्हतं, फळी होती, आणि फळी म्हटलं की ठोकणं आलं. तेव्हा पाचजणींनी एकेक खिळा ठोकायचा असं सुलेखानं ठरवलं. मंडळातल्या तिघी आल्या, चौथी अनुया, पाचवी ती स्वतः.

मिस्टर कोहना ही कल्पना फारच आवडली. त्यांनी दारावरच्या उतरत्या छपराच्या कडेला, हात पोचेल असं रुंद मचाण ठेवलं. पण त्यांचे खिळे होते हवेच्या दाबानं खिळे मारणाऱ्या बंदुकीचे, माळेत ओवलेले. हातोडीनं ठोकायला सुटा एकही नव्हता. निशिकांत लगबगीनं आत गेला आणि आपल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यातून पाच खणखणीत खिळे पुसून घेऊन आला. खिळ्यांना हळदकुंकू लागलं. मंडळातली सविता अंगानं चांगलीच भरलेली, मचाणावर चढताना म्हणाली, "सुलेखाताई, छप्पर टिकेल हो, मचाणाचं सांगता येत नाही." सगळ्यात सरळ खिळा मात्र तिचाच बसला. कार्यक्रम झाल्यावर कोहनी विचारलं, हे पाच आता काढून टाकू ना? सुलेखा म्हणाली, छे, सवाष्णींच्या हातचे आहेत, ते राहणार.

एकदा हळदकुंकू लागलं की खिळा खिळा राहत नाही. तिच्याही डोळ्यांना मग तो खिळा दिसला नाही.

पुढे पाऊस लागला. महिन्याभरात दारावरच्या मधाळ फळ्यांवर काळे ओघळ उतरले. राखाडी नव्हे, काळे. काजळ घातलेलं मूल रडल्यावर दिसावं तसे. आत एक थेंब गळत नव्हता, पण फाटक उघडणाऱ्याला पहिली दिसायची ती ही काळी तोंडं. मिस्टर कोह गावाला, पलीकडे मलेशियात जोहोरला गेलेले. फोनवर म्हणाले, आल्यावर बघतो. निशिकांतनं पातेली पुन्हा हाताशी, खालच्या खणात काढून ठेवली. अंकुर शनिवारी आला, फाटकातच थांबला, वर बघितलं.

"आई, लाकूड कुजतंय हे."

"कुजलेलं असं दिसत नाही."

"मग काय आहे?"

ते अजून तिलाही माहीत नव्हतं. कबूल केलं होतं ते केलं होतं. पुढच्या रविवारी कॉन्डोतला एक फ्लॅट बघायला जायचं ठरलं. सुलेखानं त्या दिवशी कढीपत्त्याला दोनदा पाणी घातलं.

बुधवारी तिनं केसांना लावायची मेंदी भिजवली. आवळ्याची पूड घालून, नेहमीसारखी लोखंडी कढईत. कढईशिवाय रंग काळा येत नाही, हे तिला कुणी शिकवलं तेही आता आठवत नव्हतं. सकाळी झाकण काढलं तर मेंदीची कड काळीकुळकुळीत. ती कालथा फिरवायला लागली आणि फिरवता फिरवता थांबली. आवळा तुरट. लोखंड लागलं की काळा पडतो. लाकडातही तुरटपणा असणारच, नाहीतर त्या फळीला तो वास कसला?

केस तसेच ठेवून ती बाहेर आली. मचाण नव्हतं, म्हणून खुर्ची आणली. ओघळ जिथून सुरू होत होते तिथे प्रत्येक ठिकाणी एक साधा लोखंडी खिळा होता, आणि खिळ्याच्या डोक्याखाली अडकलेलं थोडं कुंकू. बाकी सबंध छप्पर स्वच्छ. खुर्चीवर उभ्या उभ्या तिला हसू आलं, आणि मग लाजही वाटली. कंटेनरचे कागद परत पाठवणारी बाई घरच्या पूजेचं सामान तपासायला विसरली होती.

पण अंकुरला नुसतं सांगून भागणार नाही, हे ती ओळखून होती. कामानंतर उरलेल्या दोन फळ्या तिनं घेतल्या. एकीत निशिकांतच्या डब्यातला खिळा मारला, दुसरीत कोहच्या मागे राहिलेल्या माळेतला एक कसाबसा बसवला. दोन्ही फळ्या दोन ताटांत पाणी घालून ओट्याखाली ठेवल्या. निशिकांतनं विचारलं, हे काय? ती म्हणाली, रविवारी सांगते.

रविवारी अंकुर आणि अनुया तयार होऊनच आले. सुलेखानं दोन्ही ताटं टेबलावर मांडली. एका फळीवर खिळ्याभोवती काळं तळं झालं होतं. दुसरी जशीच्या तशी. अंकुर बराच वेळ वाकून बघत राहिला. मग बाहेर जाऊन छपराकडे बघून आला, परत ताटांकडे बघितलं.

निशिकांत हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्या डब्यातले खिळे."

"डबा तुमचा होता," सुलेखा म्हणाली, "हट्ट माझा. कोह काढतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं."

"पण आई, पाचांतला एक डाग माझाही आहे," अनुया म्हणाली. "आणि तोही वाकडा."

अंकुरनं अजून मान हलवली नव्हती. "लाकूड चांगलं आहे, मान्य. पण खिळे काढशील? तूच म्हणालीस, सवाष्णींच्या हातचे काढायचे नाहीत."

सुलेखा म्हणाली, "ज्यांनी ठोकले त्यांनाच बोलावते. हळदकुंकू लावून काढू आणि हळदकुंकू लावून नवे ठोकू. सवाष्णी त्याच, खिळे स्टीलचे. माझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं. तिनं गंजकं काही घरात ठेवलं नाही."

अंकुर खिशातून फोन काढून बाहेर गेला. एजंटशी बोलताना त्याचा आवाज खिडकीतून आत येत होता, "Sorry ah, today no need already. My mother not selling, lah."

मिस्टर कोह परत आले, पाचीजणी परत जमल्या. सविताचा खिळा इतका पक्का बसला होता की निघता निघेना, आणि ती खालून सगळ्यांना त्याबद्दल मान द्यायला लावत होती. कोहनी डाग धुवायची पूड लावून ओघळ उतरवले. चहा सांडल्यासारखी फिकट खूण तेवढी राहिली. सुलेखानं ती मुद्दाम जास्त घासू दिली नाही, फळी झिजली असती.

सोमवारी तिनं कोहना फोन करून, मागच्या दारावरही तसंच उतरतं छप्पर हवं म्हणून माप घ्यायला बोलावलं. निशिकांतला ते जेवताना सांगितलं. विचारलं नाही. त्यानं आमटी वाढून घेतली आणि स्टीलचे खिळे सुटे कुठे मिळतात, एवढंच विचारलं.