सावंतांची वाटी

“हे माझे भाऊ,” राणेबाई म्हणाल्या.

भावाने खाकी शर्ट घातला होता. खिशाला बॅज होता. तो म्हणाला, “मॅडम, साइन किधर करने का, जल्दी बोलो. नीचे मीटर चालू है.”

सकाळचे साडेआठ वाजले होते. मुलुंडच्या आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात त्या दिवशी मोतिबिंदूची अकरा ऑपरेशनं होती आणि माझ्या यादीत राणेबाई चौथ्या होत्या. मी तिथे काउन्सेलर आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात. तारीख, तपासण्या, कोणते थेंब किती वेळा घालायचे, हे समजावणं माझ्याकडे. मोतिबिंदूसाठी हल्ली राहावं लागत नाही, दुपारी घरी सोडतात. त्याला डे-केअर म्हणतात. पण पेशंटबरोबर घरचं किंवा चांगल्या ओळखीचं माणूस लागतं, तो अटेंडंट. अटेंडंट नाही तर ऑपरेशन नाही.

“यांचं नाव काय?” मी विचारलं.

राणेबाईंनी भावाकडे पाहिलं.

“यादव,” भाऊ म्हणाला.

“आणि तुम्ही राणे.”

“मानलेला भाऊ आहे हो.”

“कधीपासून?”

“भांडुप स्टेशन से,” तो म्हणाला. माणूस प्रामाणिक होता.

त्याला पाठवून दिलं आणि डॉक्टरांना इंटरकॉमवर सांगितलं. ते म्हणाले, “तावडे, पुढची तारीख दे. पण लांबवू नकोस, डोळा पिकत चाललाय.” पिकणं म्हणजे मोतिबिंदू कडक होणं. जितका कडक, तितकं काम अवघड. राणेबाईंचा डावा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. उरलेला हा एकच. आणि काही ना काही कारण सांगून त्यांनी दोन तारखा आधीच चुकवल्या होत्या. खरं कारण आता माझ्यासमोर जिना उतरून गेलं होतं.

मी त्यांना बसवलं आणि चेकलिस्ट काढली.

“मुलं?”

“लग्नच नाही केलं.”

“भाचे, पुतणे?”

“भाचा कॅनडात.”

“शेजारी?”

त्यांनी पर्सचा बंद उघडला, लावला.

“समोर सावंतवहिनी आहेत. पण त्यांना नाही सांगता येणार.”

“भांडण झालंय?”

“छे हो! भांडण कसलं?” मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “त्यांची वाटी माझ्याकडे आहे.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

गणपतीत सावंतवहिनींनी वाटीभर ऋषीची भाजी दिली होती. आता मार्च चालू होता.

“रिकामी कशी देऊ?” राणेबाई म्हणाल्या. “आणि भरू कशी? फोडणी जळते ती वासाने कळते, तोवर उशीर झालेला असतो. दोनदा केलं आणि दोनदा टाकून दिलं. मग दिवाळी आली, मग संक्रांत. आता लाज वाटते. बाहेर पडायच्या आधी दाराला कान लावून उभी राहते. त्यांच्या दाराची कडी वाजली नाही ना, बघते. म्हणजे ऐकते.”

“विकतचं काहीतरी घालायचं.”

“त्यांनी घरी केलेलं दिलं, मी विकतचं देऊ?”

बाहेर पाच पेशंट खोळंबले होते. मी म्हटलं, “साखर घाला.”

“काय?”

“चमचाभर साखर घाला. वाटी भरली.”

“सहा महिन्यांनी साखर?”

“बाई, माझ्याकडे गुरुवारचा एक स्लॉट आहे, नऊ चाळीसचा. घरात साखर आहे ना?”

“मला डायबेटिस आहे.”

“खायची नाहीये. द्यायचीय.”

त्या उठल्या. मी स्लॉट पेन्सिलने लिहून ठेवला.

गुरुवारी नऊला त्या आल्या. बरोबर एक ठेंगणी बाई होती. राणेबाईंची फाइल तिने काखोटीला मारली होती. फॉर्मवर ‘पेशंटशी नातं’ असा रकाना असतो. सावंतवहिनींनी त्यात लिहिलं, ‘समोर’. मी तो तसाच ठेवला.

राणेबाईंना आत नेल्यावर वहिनी माझ्या टेबलापाशी आल्या.

“साखर आणली होती का त्यांनी?” मी विचारलं.

“साखर कसली, अर्धी माझ्या पायावर सांडली.” त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. “मला काय वाटलं माहितीय? माझी भाजी खाऊन यांचं काहीतरी बिघडलं, म्हणून वाटी येत नाही. विचारू कशी? मग मीच टाळायला लागले. मी पण कडी वाजवायची नाही, हळूच सरकवायची.”

म्हणजे एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांना आतून कान लावून दोन बायका सहा महिने उभ्या होत्या.

ऑपरेशन नीट झालं. डोळा कडक होता, पण डॉक्टरांनी निभावलं.

आठवड्याने राणेबाई तपासणीला आल्या. आता सरळ चालत होत्या. त्यांनी पिशवीतून एक वाटी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“फोडणीच्या धुरात पंधरा दिवस जायचं नाही म्हटलं होतं ना?”

“गॅस पेटवलाच नाही. गूळ-खोबऱ्याचे पोहे आहेत.”

“आम्ही पेशंटकडून काही घेत नाही.”

“मी घेतली ना तुमची साखर?” त्या म्हणाल्या. “घरी कोण असतं तुमच्या?”

“मी.”

“आणि सोबत?”

“पुढच्या पेशंटला बोलवा,” मी सिस्टरला सांगितलं. वाटी टेबलावरच राहिली.

संध्याकाळी ती घेऊन घाटकोपरला घरी आले. पोहे खाल्ले, वाटी घासली आणि मांडणीवर ठेवायला गेले. तिच्यावर राणे असं नाव घातलेलं होतं. मांडणीवरची बाकीची भांडी पाहिली. सगळ्यांवर माझंच नाव. नऊ वर्षं एकटी राहते. कुणाचं काही घ्यायचं नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही, हे मी फार व्यवस्थित पाळलं होतं.

माझी एंडोस्कोपी दोनदा पुढे ढकलली होती. डायरीत कारण लिहिलं होतं, ‘रजा नाही’. रजा एकवीस दिवस शिल्लक होती. त्या हॉस्पिटलच्या फॉर्मवरही अटेंडंटचा रकाना आहे.

वाटी तीन दिवस ओट्यावर होती. रविवारी ती भरून भांडुपला राणेबाईंकडे नेऊन दिली. काय घातलं ते सांगत नाही. साखर नव्हती.

“मंगळवारी सकाळी मोकळ्या आहात का?” दारातच विचारलं. आत बसले असते तर विचारलं नसतं.

“का हो?”

“तपासणी आहे. गुंगी देतात. बरोबर कुणीतरी लागतं.”

राणेबाईंनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मला एकच डोळा आहे.”

“फॉर्मवर डोळ्यांचा रकाना नाही.”

माझ्या चेकलिस्टमध्ये आता ‘शेजारी’नंतर एक ओळ वाढली आहे. घरात कुणाचं भांडं आहे का? बरेचजण हसतात आणि एखादं नाव सांगतात. मी ते लिहून घेते. जे ‘नाही’ म्हणतात, त्यांच्या नावापुढे खूण करते. त्यांच्या तयारीला जास्त दिवस लागतात.